उजवी फाक, डावी फाक

मार्चमधला शनिवार. मिझुरीतल्या एका लहान गावी
अग्निशमन दलाचे बंब बाहेर गारठ्यात उभे,
आणि त्यांच्या जागी आत टेबलांच्या रांगा,
कॉफीचा पिंप, ओल्या बुटांचा वास,
दारात बसून प्रत्येक रिव्हॉल्वरच्या चापाला
प्लास्टिकची पट्टी आवळणारा एक पोरगा.

ऑल्विन श्ट्रोबेलच्या टेबलावर पोलाद नसतं.
हिरव्या बनातीवर नुसत्या लाकडी मुठी:
जुळ्या, एकांड्या, चिरलेल्या,
कैरीच्या फोडींसारख्या पालथ्या पडलेल्या.
पोलादाकडे सगळेच बघतात, तो म्हणतो,
त्याला नंबर असतो, शिक्का असतो, बापाचं नाव असतं.
लाकडाला विचारावं लागतं.

तो विचारतो ते असं:
आधी नाकाशी. जवसाचं तेल असेल तर मान हलते,
चहाचा वास आला तर फाक परत, एक शब्द नाही.
चहात बुडवून म्हातारं केलेलं लाकूड
त्याने या हिवाळ्यात अकरा वेळा हुंगलंय.
मग अंगठा. लोखंड जिथल्या तिथे राहतं,
लाकूड सत्तर वर्षांत केसभर आत सरतं;
कडेला नख अडलं पाहिजे.
नाही अडलं, तर कुणीतरी कानशीने खोटं बोललंय.
मग भिंग: स्क्रूच्या भोकाभोवती सोडलेली कोरी शंकरपाळी,
तिच्याभोवती रेघांची जाळी,
इंचात किती रेघा,
आणि कोरणाऱ्याने हात कुठे उचलला.

दुपारी लोरीन केटलर आली, नातवाला घेऊन.
लोकरी मोज्यात गुंडाळलेल्या दोन फाका.
रिव्हॉल्वर? ते भावाकडे गेलं,
भाऊ ॲरिझोनाला गेला, पुढचं माहीत नाही.
नातू टेट, वय तेरा, घाईत:
"खाली सात खाचा आहेत. खापरपणजोबा
शेरीफचे मदतनीस होते. सात माणसं."
लोरीन काही बोलली नाही. तिने मोज्याची घडी केली.

ऑल्विनने उजवी उलटी केली. आतल्या अंगाला
शिसपेन्सिलीचा नंबर; दिवा तिरपा धरला तेव्हा पाच आकडे,
सहावा घामाने खाल्लेला.
"अक्रोड. कारखान्याची. ही खरी."
डावीवर नंबर नव्हता. "डावीवर नसतोच, त्याचं काही नाही.
पण जाळी बघ. वर इंचाला वीस रेघा,
खाली येता येता सतरा. आणि शंकरपाळी
एका खांद्याने पडलीय.
ही घरी केलेली. खिशातल्या चाकूने. हिवाळ्यात."
"हिवाळ्यात कशावरून?"
"एवढा वेळ उन्हाळ्यात कुणाला असतो?"

मग खाचा. चाकूच्या खाचेला दोन सरळ भिंती असतात,
या चेपलेल्या, गोलसर, आपटून आपटून झालेल्या.
टाचणीने एक उकरली. काळा भुगा बनातीवर.
तो हुंगला, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.
"बाई, तुमच्या अंगणात अक्रोड होते का? काळे?"

लोरीनने खुर्ची ओढली.
"मागच्या पायरीवर," ती म्हणाली, "सगळा ऑक्टोबर.
आजोबांना हातोडी कधी सापडायचीच नाही.
गोळ्या काढून बटणांच्या डब्यात टाकायचे,
नळी मुठीत, आणि दस्त्याने ठाण ठाण.
बोटं नाताळपर्यंत काळी. आजी ओरडायची.
मग एकदा डावी बाजू फुटलीच."

"म्हणजे ही त्याच झाडाची?" टेट.
"झाडं तीन होती रे."

ऑल्विनने चिठ्ठी लिहिली, नेहमी लिहितो तशी.
उजवी: मूळची. डावी: घरगुती.
जोडी: नाही.
हे शेवटचं त्याने खोडलं.
किंमत: उजवीचे साठ डॉलर, डावीचे
इथे पेन थांबलं. मग एक आडवी रेघ ओढली,
तीही सरळ आली नाही.

विकायचं लोरीनला नव्हतंच. मोजा पुन्हा उलगडला.
दाराशी येईपर्यंत टेट गप्प. मग:
"म्हणजे एकही माणूस नाही?"
"एक होता की," ती म्हणाली. "पायरीवर बसायचा."

दारातला पोरगा पट्टी घेऊन उठला,
बांधायला काही नव्हतं,
पुन्हा बसला.