पाठीशी

एकट्या असल्या की मरतात.
अठ्ठेचाळीस तास, औषधाचे चार थेंब,
आणि बशीच्या तळाशी नुसता गाळ.
त्रीनु वहीत शून्य लिहिते. हातमोज्यांमुळे
ते जरा चेपलेलंच उमटतं.

दुसऱ्या बशीत तिने आधी आधारपेशी अंथरल्या होत्या,
मज्जेतल्या, लांबट,
हातपाय पसरून बसणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
वर त्याच रुग्णाच्या बिघडलेल्या पेशी,
तेच चार थेंब.
आणि त्या जिवंत आहेत, टुकटुकीत,
कुशीत शिरून बसल्यात.

भिंगाखाली एक धागा दिसतो, केसाहून बारीक,
हिच्यातून तिच्यात गेलेला.
त्यातून ठिपके सरकतायत:
शेजारणीला चुलीतला विस्तव द्यावा
तशी ही आपली धग देते आहे,
आणि नाव विचारत नाही.

खाली तिसऱ्या मजल्यावर, सहा नंबरच्या खाटेवर
हिल्लार तेदर, वय एक्याऐंशी,
जन्मभर लाकडाच्या गिरणीत.
कालच तो म्हणाला होता, "तुमचं औषध येतं, मी हलतो.
ते हलत नाहीत."
मग बराच वेळ खिडकीकडे पाहून:

"आमचं दार रात्री वाजायचं.
जंगलात लपलेली माणसं यायची.
आई तळघरातून बटाटे आणायची,
राईचा काळा पाव कापायची.
दुसऱ्या रात्री त्यांना शोधणारे यायचे.
सुरी तीच, पाव तोच.
मी विचारलं, आई, आपण कुणाच्या बाजूचे?
ती म्हणाली, बूट ओले होते रे त्यांचे.

मार्चमध्ये तिला नेलं. त्याच ओल्या बुटांनी.
मी मावशीकडे होतो, म्हणून राहिलो.
घरी आलो तर पाव
फडक्याखाली झाकलेला."

त्रीनु संध्याकाळी पुलावरून जाते.
खाली एमायोगी गोठलेली.
तिच्या भाषेत या नावात आई आहे,
आणि बर्फाखाली ती
लहान माशांना आणि त्यांना गिळणाऱ्या माशांना
एकाच पाण्यात वाढवते.

रागवायचं कुणावर?
पाठीशी घालते ती गुन्हेगार नव्हे,
सगळं पोटात घालायची तिची सवयच जुनी.
आणि तिला मारता येत नाही:
उद्याचं चांगलं रक्तही
तिच्याच मांडीवर वाढणार आहे.

नवं औषध कुणाला मारत नाही.
ते फक्त धरलेलं बोट सोडवतं,
त्यांना उघड्यावर, वाहत्या रक्तात आणतं.
मग जुनं औषध.
कागदावर हे फार सोपं दिसतं.

सकाळी ती तिसरी बशी मांडते.
झाकणावर तारीख, सहा हा आकडा,
आणि कोपऱ्यात, का कुणास ठाऊक, पावाचं छोटंसं चित्र.
सदतीस अंशांच्या उबेत बशी ठेवते
आणि दार लावताना
आवाज होऊ देत नाही.