निळ्या बाटलीचे मणी

गांगुर्डे बाईंनी पिशवीतून डबा काढला,
डब्यातून रुमाल, रुमालातून बाटलीचे तुकडे.
निळे. असलं निळं आता मिळत नाही.
"आई कंपाउंडर होती, भद्रकालीच्या दवाखान्यात.
तिच्या टेबलावरची ही शेवटची. परवा पडली.
तुम्ही काचेचे मणी करता म्हणे."

करते. सातपूरला, जिन्याखालच्या खोलीत,
जिथे आधी आमची स्कूटर असायची.
एक बर्नर, एक सिलिंडर आणि शिवणयंत्राचं टेबल,
ज्याचं यंत्र विकून मी बर्नर घेतला.
फिरोजाबादहून कांड्या येतात, रद्दीत गुंडाळून;
शिळ्या हिंदी बातम्या वाचत मी रंग वेगळे करते.
शिवाय गंगापूर धरणाकडच्या हॉटेलांतून
वाइनच्या रिकाम्या बाटल्या, किलोवर.
शेजारणींना बरेच दिवस वाटायचं, हिचं काही खरं नाही.

मी म्हटलं, अनोळखी काच आहे.
प्रत्येक काचेची आकसायची आपली चाल असते.
दोन परक्या काचा ज्योतीत एकमेकींच्या गळ्यात पडतात
आणि निवताना भांडतात.
कधी तासाभराने, कधी महिन्याने,
गिऱ्हाइकाच्या गळ्यात.
म्हणून हिच्यावर पांढरा ठिपका नाही, फूल नाही.
नऊ होतील, नुसते निळे.
"फूल नकोच," बाई म्हणाल्या, "आई साधी होती."
मग जरा थांबून,
"साधी नव्हती. पण फूल नको."

रात्री बसले.
सळीला मातीचा लेप, तो वाळेपर्यंत चहा.
तुकडा चिमट्यात धरून आधी लांबूनच शेकला,
घाई केली की उडतो, थेट तोंडावर.
मग कडा लाल, मग काकवी, काकवीहून थोडं घट्ट.
सळी फिरवत राहायची.
हात थांबला की मणी एका अंगाला लोंबतो,
पेंगुळलेल्या पोराच्या मानेसारखा.
आणि तापलेला असताना निळा निळा नसतोच.
नारिंगी असतो.
धरून चालायचं, की आत आहे.

जानेवारी होता. निफाडला पारा उतरला की
द्राक्षवाले बागेत शेकोट्या करतात.
मी गरम राखेचा डबा गोधडीत गुंडाळते.
मण्याला थंडी कळायला हवी,
पण सावकाश, कुणी घरातल्याने सांगावी तशी.

सकाळी मोजले. सात धड.
दोघांना तडा, केसाएवढा,
उन्हात धरल्याशिवाय न दिसणारा.
अकरा वर्षं कारखान्यात मी स्विचं तपासली,
पास, रिजेक्ट, पास, पास, रिजेक्ट.
कारखाना सुटला, ते डोळे सुटले नाहीत.
दोन वेगळ्या पुडीत बांधले.

मग हिशोब. गॅस, माती, वीज. काच त्यांचीच.
मजुरी?
इथे माझी पेन्सिल दरवेळी अडते.
नवरा म्हणतो, तासावर लाव.
मणी घासायला येणारी दीक्षा म्हणते,
"ताई, ऑनलाइनवाले दुप्पट घेतात."
नऊशे लिहिलं, खोडलं, सातशे केलं,
परत नऊशे.

बाई आल्या. मणी तळहातावर घेतले.
एक नाकाशी नेला, हुंगला.
कशाचा वास येणार, हजार अंश सोसून आलेल्याला?
मग म्हणाल्या, "सातशे करा."
खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.
रडल्या असत्या तर मी पैसेच घेतले नसते.
आठशेवर आलो.
तांबट आळीतल्या तारेत ओवून, वर पन्नास.

"तुम्ही नऊ म्हणाला होतात."
मी पुडी सोडून दाखवली. हे धरले नाहीत, म्हटलं.
"धरू नका. पण द्या. काच माझी आहे."

परवा राख चाळताना एक थेंब सापडला,
बाजरीच्या दाण्याएवढा, निळा.
ओवायला भोक नाही.
बिलामागे त्यांचा पत्ता आहे, द्वारकेजवळचा.
दोनदा त्या बाजूला जाऊन आले.
थेंब अजून आगपेटीतच आहे.