कॅन्सल मालातला नॅपकिन

परिसंवाद साडेसहाचा होता, सुरू झाला सव्वासातला.
एप्रिलात आमच्याकडे सव्वासातलाही
भिंतीला पाठ टेकवत नाही.
मंचावर तिघं : पुण्याचे एक प्राध्यापक,
अर्धापुरे म्हणून निवृत्त राजदूत,
आणि मधे अध्यक्ष, आमचे शेठ,
अक्कलकोट रोडला ज्यांचे चाळीस माग.
विषय : बदलते जग आणि आपण.
त्यातला ‘आपण’ म्हणून मी आठव्या रांगेत.

अर्धापुरे म्हणाले, जग आता एकध्रुवी राहिलेलं नाही.
पंखा मान हलवत राहिला.

मी डिस्पॅचला आहे, बावीस वर्षं.
मला हे पत्र्यांनी सांगितलं होतं.
कार्टनवर गावाचं नाव रंगवायला
आम्ही पत्र्यात अक्षरं कापून घेतो, मंगळवार पेठेतून.
हॅम्बुर्गचा पत्रा दर दिवाळीला झिजायचा,
कडा मऊ व्हायच्या, शाई गळायची.
मग एका वर्षी तो झिजलाच नाही.
खिळ्याला टांगलेला, वाऱ्यानं वाजायचा नुसता.
जेबेल अलीचा मात्र दोन वर्षांत चाळणी झाला.
मी कुणाला बोललो नाही.
डिस्पॅचच्या माणसाला कोण विचारतं?

प्राध्यापक तांबड्या समुद्राविषयी बोलले,
काठीनं नकाशावर जहाज वळवलं.
त्या जहाजात आमची तीनशे बारा कार्टनं होती, सर.
बाळ्याहून स्टेशनला निघालेली रिक्षा
हैदराबाद रोडनं फिरवून आणावी
तशी आख्खी आफ्रिका फिरून गेली ती,
आणि भाडं शेठच्या तोंडावर दिसत होतं महिनाभर.

मग तिकडे कुणीतरी एक सही केली.
कर वाढला.
इकडे रात्रपाळी गेली.
साखर पेठेत मागाचा खडखडाट थांबला
तशी तान्ही पोरं दचकून जागी झाली.
त्यांना कुठं ठाऊक शांतता काय असते.

अंबूबाई गाजुल लेबलं शिवते.
त्या आठवड्यात तिला उसवायला बसवलं :
अकरा हजार नॅपकिन, निळी किनार,
समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलचं नाव.
ब्लेडनं एकेक टाका काढत म्हणाली,
“हे गाव कुठलं ओ? पाणी रोज येतं काय तिथं?”
मी म्हटलं, येत असेल.
“म्हणूनच इतके लागतात,” म्हणाली,
आणि पुढचा उचलला.
तिच्या नळाला त्या दिवशी पाचवा दिवस होता.

“सत्तेचा गुरुत्वमध्य पूर्वेकडे सरकतो आहे,”
अर्धापुरे म्हणाले, आणि घाम पुसला.
समोरच्या नॅपकिनानं.
निळी किनार.
आठव्या रांगेतून अक्षरं दिसत नव्हती
पण ओळखलं मी. हा अंबूबाईच्या हातून सुटलेला.
मानेवरून, कानामागून, कपाळावरून
एक रद्द झालेलं हॉटेल सावकाश फिरलं.
टाळ्या पडल्या.

प्रश्नोत्तरं.
माझा हात वर गेला होता, शेठनं बघितलं.
खाली घ्यायचा राहून गेला.
माइक आला, गरम, आधीच्याच्या घामाचा.
विचारलं :
“साहेब, नवा पत्रा कुठल्या गावाचा कापू?”

हसले थोडे लोक. पत्रा म्हणजे काय
ते शेठनं राजदूतांच्या कानात सांगितलं.
“मार्मिक प्रश्न,” ते म्हणाले,
“याचं उत्तर येत्या दशकात मिळेल.”
मग शाल, श्रीफळ, आभार.

खुर्च्या उचलताना नॅपकिन खाली पडलेला.
ओला. घडी घालून खिशात घेतला,
मोजणीत एक कमी यायला नको.

सकाळी मंगळवार पेठेत मक्बूलभाईंकडे गेलो,
हॅम्बुर्गचा पत्रा पुढं ठेवला.
म्हटलं, मागच्या बाजूला जमेल काय काही?
त्यांनी उन्हात धरला,
भोकांतून माझ्या शर्टावर उजेडाची परकी अक्षरं पडली.
“नाव मागाहून सांगा,” म्हणाले,
“अक्षरं किती, ते बोला.”