घोसाळे रोड

टिंबर मार्केटातून सहा बाय तीनचा प्लाय आणला.
रिक्षावाल्यानं विचारलं, दिवाण का?
हो म्हणालो. खरं सांगायला
वानवडीपर्यंतचा रस्ता पुरला नसता.

डोंगर थर्माकोलचा, वरून बनियनच्या चिंध्या
प्लास्टरमध्ये बुडवून. माती म्हणजे चहाचा चोथा,
चार दिवस गॅलरीत वाळवलेला,
मांजरामुळे चाळणीखाली.
झाडं घोसाळ्याची. वेलावर मुद्दाम जून होऊ दिलेली,
सोलून, आतली जाळी कातरून,
हिरव्या रंगात बुचकळून तांब्याच्या तारेवर.
म्हणून स्टेशनचं नाव घोसाळे रोड.
नावात ‘रोड’ असलं की गाव तीन मैल लांब, हे ठरलेलं.
गाव मी केलंच नाही.

पहिल्या दिवशी गाडी गोल फिरली. परत गोल.
घोरपडीचे आरोग्यस्वामी,
एकोणतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड,
दोन फेऱ्या बघून म्हणाले,
काय घेऊन चाललीय?
काही नाही.
मग कशाला चाललीय?

त्या रविवारपासून धंदे आले.
पुठ्ठ्याचं गुळाचं गोदाम.
तेलाच्या टाक्या म्हणजे फिल्मच्या रिकाम्या डब्या,
जुन्या बाजारात पाच रुपयांना मूठभर.
सिमेंटचा सायलो पावडरचा डबा, अजून वास येतो.
प्रत्येकाला साइडिंग, प्रत्येक वॅगनला एक कार्ड
स्वामींच्या टोकदार अक्षरात:
कुठून, कुठे, काय, किती.
‘किती’चा रकाना माझा.
मी काट्यावरचा माणूस.

हडपसरच्या फौंड्रीत, फाटकाशेजारच्या केबिनमध्ये
एकतीस वर्षं: भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक.
काय केलंत म्हणाल तर ही एक वजाबाकी.
मोल्डिंगची माणसं काळीठिक्कर होऊन निघायची.
मी पांढऱ्या शर्टात, जरा ओशाळलेला.

फौंड्री सगळ्यात शेवटी केली.
पेनाच्या टोपणाची भट्टी, आत तापकीर गल्लीतला
लुकलुकणारा लाल दिवा.
खोक्याच्या नालीदार कागदाचे पत्रे.
नखाएवढी केबिन, तिच्यासमोर काटा,
खिडकीत माणूस, सत्त्याऐंशीपट लहान.
त्याला चष्मा काढायला गेलो तर
डोळाच पुसला गेला.

स्वामींनी कोरं कार्ड पुढे केलं.
बाहेर काय जातं तुमच्याकडून?
पंपाची कव्हरं, म्हणालो, ब्रेकड्रम.
आणि मग, कुणी विचारलं नव्हतं,
शेवटचा महिना सांगितला.
आधी लेथ आले काट्यावर. मग क्रेनचे गर्डर, तुकड्यांनी.
पॅटर्नची लाकडं. हजेरीचं घड्याळ. फाटक.
मी पावत्या फाडत होतो.
भंगारवाला भला, दर खेपेला चहा पाजायचा.
शेवटी काटाच उरला.
त्याचं वजन कशावर करणार?
अंदाजे लिहा की, तो म्हणाला.
एकतीस वर्षांत तेवढं एकदाच
मी अंदाजे लिहिलं.

स्वामी गप्प. गार्डच ते,
मागे पडत जाणारं बघायची सवय.
उठले, स्वयंपाकघरातून शरयूचा काटा मागून आणला,
फौंड्री अलगद उचलली (डिंक ओला होता अजून)
आणि भट्टी, पत्रे, केबिन, काटा,
खिडकीतला तो,
सगळं वर ठेवलं.

एकशे अठरा ग्रॅम.

लिहिलं मी. बॉलपेननं.
चष्मा पुसून पुन्हा एकदा आकडा बघितला, सवयीनं.

माझा काटा द्या, शरयू आतून म्हणाली,
वड्यांची साखर राहिलीय.

संध्याकाळची मालगाडी सुटली,
फौंड्रीतून एकच वॅगन, रिकामी.
रिकामीलाही कार्ड लागतं, स्वामी म्हणतात,
नाहीतर परत कुठे यायचं ते तिला कळणार कसं.
बोगद्यात ती घसरली. रोजच घसरते,
तिथला सांधा मी नीट बसवलेला नाही.
हात घालून काढावी लागते मग,
कोपरापर्यंत चहाची माती.