खोली

ओह्रिडच्या सरोवराकाठी फेब्रुवारीत
होड्या पालथ्या घालून ठेवतात.
संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर वांगेलित्सा
तीन खात्यांच्या नोंदींतला एकच रकाना
एकाखाली एक लावत बसली होती,
आणि दुपारी, कॉफी निवत असताना,
तिच्या पडद्यावर मासे चिखलात शिरले.

चाळीस मीटर खोलीवर मासे.
चाळीस मीटर खोलीवर ज्वालामुखीची राख.
संगणकाने दोन्ही एका जागी ठेवले,
सांगितल्या कामाच्या पोरासारखे.
त्याचं काय चुकलं?
मासेवाल्यांची खोली पाण्याच्या पृष्ठापासून खाली,
गाळवाल्यांची तळापासून आणखी खाली,
पातळीवाल्या इंजिनिअरांची तर समुद्रापासून वर,
म्हणजे उंचीच ती,
पण रकान्याच्या डोक्यावर नाव तेच.

(हे मराठीत लिहितोय म्हणून सांगतो:
आमच्याकडे त्याच शब्दात
माणसं कॉट टाकतात, भाडं भरतात.)

पलीकडच्या काठावरून, पोग्रादेत्सहून, इल्बेरचा फोन आला.
"लाखभर वर्षांच्या मातीत पोहतायत!
कल्ले आहेत का फावडी?"
पुष्कळ हसला.
मग म्हणाला, आमच्याकडेही तसंच आहे,
फक्त आम्ही अजून एकत्र करून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दोघं शब्दांना पत्ते देत होते.
नुसतं नाव पुरत नाही. कुठून मोजलं,
कुठल्या दिशेला, दोरीनं की आवाजानं, कुणी.
तीन-तीन शब्दांची वाक्यं,
पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी:
मासा राहतो पाण्यात.
राख असते गाळात.
गाळ नव्हे पाणी.
यंत्राला हेसुद्धा सांगावं लागतं.
माणसांनाही लागतं, पण ती रागावतात.

इकडे बेल्वित्सा, पलीकडे बेलुश्का,
जाळ्यात मासा एकच.
दोन नावांमध्ये बरोबरचं चिन्ह टाकायला
अकरा आठवडे गेले, दोन मंत्रालयं आणि एक गोल शिक्का.

राहिली त्रायचेची वही.
तो शास्त्रज्ञ नव्हता, संस्थेचा नावाडी.
तीस वर्षं पहाटे नमुने आणायचा,
आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर: द.
त्यांच्या भाषेत खोलीचा शब्द द-नेच सुरू होतो,
तेव्हा सगळ्यांनी खोलीच धरली.
पण जिथे तो नांगर टाकी तिथे पाणी तीस मीटर,
आणि वहीत एकशे चाळीस. पंच्याण्णव. दोनशे दहा. सहा.
संगणकाने रकाना बाजूला काढला: अज्ञात.
वगळता आला असता. कुणी विचारलं नसतं.

रविवारी वही पिशवीत घालून
वांगेलित्सा पेश्तानीला गेली.
त्रायचेची बायको सेवदा घेवडा निवडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"खोली कसली? दोमा. घर.
मी खिडकीत दिवा टांगायची.
वल्ह्याचे किती हात मारले की तो दिसेनासा होतो,
ते मोजायचा. धुकं असलं की सहातच गडप."
मग एक खडा बाजूला टाकला.
"मला वाटलं, ऑफिसनं सांगितलं असेल."

कुणीच सांगितलं नव्हतं.
धुक्याचा अभ्यास करणाऱ्यांकडे
त्या तीस वर्षांची एक ओळ नव्हती,
आता दहा हजार पहाटा होत्या.

रात्री तिने नवा शब्द नोंदवला.
नाव: घरचा दिवा दिसतो तिथवरचं अंतर.
एकक: वल्ह्याचा हात.
दिशा: घरापासून दूर.
संबंध: धुकं, हवा, फेब्रुवारी.
आणि खोलीशी असलेलं जुनं नातं तोडून टाकलं.

(मराठीत मात्र तो रकाना
बदलावा लागला नसता.)

इल्बेरचा निरोप आला लगेच:
एक हात म्हणजे किती मीटर?
तिने लिहिलं, अज्ञात.
खोडलं.
लिहिलं, त्याची होडी अजून किनाऱ्यावर पालथी आहे,
एप्रिलमध्ये सुलटी करू.