मुद्देमाल क्रमांक एक्केचाळीस

कोपरी ठाण्याच्या मागच्या खोलीत
सतरा वर्षं उंदरांपासून राखलं मी एक पाकीट:
हेमांगी वायंगणकरच्या नखांतला मळ.
लाख तडकली. पंचांतला एक वारला.
डांबराच्या गोळ्या माझ्या खिशातून.

साहेब बदलले की नवा विचारायचा, हे अजून कशाला?
मी म्हणायचो, राहू द्या साहेब,
चिमूटभर तर आहे.

काल कलिन्याहून अहवाल आला.
जुळलं.
तिचा खोलीमालक. मधुसूदन.

दर महिन्याला यायचा हो तो,
तपास कुठवर आला विचारायला.
त्या बाकावर टेकायचा,
'बिचारी' म्हणायचा,
आणि मी त्याला माठातलं पाणी.

पाकीट कोर्टात गेलं. वहीत जावक मांडली.
पेला घासायला घेतला
आणि तसाच
ठेवला पालथा.