टिचकी

उद्यमनगरात दुपारी दोनला
पत्र्याची शेड तव्यासारखी तापते.
भिंतीकडेला पाचशे लिटरची टाकी,
झडप बंद, नळी काढून ठेवलेली,
कंप्रेसरचा पट्टा सकाळपासून गप्प,
तरी काटा सातावरून पावणेआठवर.

मी आयटीआयची पोर, पहिलाच आठवडा.
ओरडले, चाचा, कुणीतरी हवा भरली!
दस्तगीर शिकलगारांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आधी काचेवर टिचकी मारली, मग आकडा वाचला,
मग उरलेला चहा संपवला.
"कोण भरतंय? हवा हाय तेवढीच हाय.
ऊन लागलं, तिला घाई झाली.
धावती, भिंतीवर आपटती, माघारी फिरती,
दुसरीकडं जायाला जागा न्हाई न्हवं."

एवढी आपटाआपट, आणि आवाज?
मी टाकीला कान लावला.
आवाज काही आला नाही. कान भाजला.

नवी टाकी तपासायची तर हवेनं नाही, पाण्यानं.
काठोकाठ भरायची, हातपंपानं दीडपट दाब द्यायचा
आणि सांध्या-सांध्यावरून कोरडं फडकं फिरवायचं.
"पाणी मनात धरत न्हाई," चाचा सांगायचे,
"टाकी फाटली तर सांडंल, चपला भिजतील.
हवा समदं साठवून ठेवती."
उजव्या हाताला त्यांची दोन बोटं नव्हती.
ती कधी गेली ते त्यांनी सांगितलं नाही,
पण हे सांगताना तोच हात पुढे यायचा.

त्या वर्षी शिरोलीची फौंड्री बंद पडली.
अण्णा दिवसभर घरात.
माझ्या वहीत लिहिलेलं होतं:
बंद भांड्यातला वायू सगळ्या बाजूंना सारखाच दाब देतो.
तळाला, झाकणाला, कोपऱ्यातल्या वेल्डिंगला,
कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.
वाचून हसू आलं. मग ते गेलं.
अण्णा मालकाशी नीट बोलायचे,
बँकेतल्या साहेबाशी नीट,
शेजारच्या चौगुल्यांशी तर फारच नीट.
जिकडं पत्रा पातळ, तिकडंच सगळं.
आई चुलीकडे तोंड करून उभी असायची,
भाकरी थापायचा आवाज मध्येच थांबायचा
आणि पुन्हा सुरू व्हायचा.

चाचा सेफ्टी व्हॉल्व्हला शिशाचं सील दाबत होते.
विचारलं, माणसाचं असं का हो?
पक्कड खाली ठेवली नाही त्यांनी.
"वायूला वळखी नसत्यात," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी टाकी सोडायची.
झडप अर्धा आटा फिरवली की शिट्टी,
सगळी गल्ली कानावर हात ठेवणार,
आणि झडपेचं तोंड गार, एवढ्या एप्रिलात त्यावर दव.
काटा खाली खाली येत शून्यावर टेकला.
संपली, मी म्हटलं.
"संपली कुठं? भायेर हाय तेवढी आत हायच की.
शून्य म्हंजी रिकामं न्हाई, पोरी.
शून्य म्हंजी आतलं-भायेरचं एक झालं."
त्या दिवशी पगारातून मी आईला
चौगुल्यांच्या नकळत, अण्णांच्या नकळत
पोस्टात खातं काढून दिलं.
याचा त्याच्याशी संबंध होता की नाही, सांगता येणार नाही.

आता शेड मी चालवते.
इचलकरंजीच्या सायझिंगमधले गेज येतात,
कारखान्याचे, दूध संघाचे, काच पिवळी पडलेले.
काही काटे अडकून बसलेले असतात,
दाब चढला तरी जुनाच आकडा दाखवत,
इतक्या खात्रीनं की कुणीही सही करेल.
म्हणून आधी टिचकी. मग वाचायचं.
चाचांनी पहिल्या दिवशी केलं होतं ते
मला कळायला सहा वर्षं लागली.

रात्री नऊला आईचा फोन येतो.
जेवण झालं, औषध झालं, अण्णा झोपले.
सगळं ठीक हाय बघ, ती म्हणते,
रोज त्याच आवाजात, एक रेघही इकडंतिकडं नाही.
मी हं म्हणते,
फोन कानापासून थोडा दूर धरते
आणि काचेवर नखानं हळूच टिचकी मारते.